रुळांचा नकाशा आणि गाड्यांचा तक्ता

लहानपणी माझ्या वह्यांना रेल्वेची कव्हरं असायची. बाबा मध्य रेल्वेच्या नागपूर डिव्हिजनला सेक्शन कंट्रोलर होते, अजनीच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. कंट्रोल ऑफिसात रोज एक भलामोठा तक्ता भरला जायचा. आडव्या बाजूला चोवीस तास, उभ्या बाजूला एकाखाली एक स्टेशनं, आणि त्यावर रंगीत पेन्सिलींनी ओढलेल्या तिरप्या रेघा. एक रेघ म्हणजे एक गाडी. रेघ जितकी उभी, तितकी गाडी जोरात. रेघ आडवी पडली की समजायचं, गाडी कुठंतरी खोळंबलीय. रद्दीत निघालेले तक्ते बाबा घरी आणायचे आणि आई त्यांची कव्हरं घालून द्यायची. माझ्या पाचवीच्या भूगोलाच्या वहीवर जीटी एक्स्प्रेस वर्षभर लेट धावत होती.

रेल्वेचा दुसरा कागद भिंतीवर होता: रुळांचा नकाशा. कोणतं स्टेशन कोणाला जोडलेलं, कुठे दुहेरी लाईन, कुठे एकेरी. मला बरीच वर्षं वाटायचं की दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात. बाबांना तसं म्हटलं तर ते हसले. "नकाशात गाडी कुठं आहे? आणि तक्त्यात रूळ कुठं आहेत?"

आता मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. चेतासंस्थेचा धडा लागला की हे दोन कागद आठवतातच. मागच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "मॅडम, मेंदूची पुरी वायरिंग सापडली, तर माणूस काय विचार करून राहिला ते समजन का?" वर्ग हसला. पण पोराने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मेंदूचे रूळ आणि मेंदूतल्या गाड्या यांचा एकमेकांशी संबंध काय, हाच तर सध्याच्या मेंदूविज्ञानातला मोठा प्रश्न आहे.

आधी रूळ पाहू. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली, त्यामुळे एकूण जोडण्या बजेटच्या भाषेत शंभर लाख कोटींच्या घरात जातात. या पेशी सुट्या असतात की एकमेकींत विरघळून एकच जाळं बनलेलं असतं, यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांगलंच वाजलं होतं. इटलीच्या कामिलो गॉल्जीने १८७३ मध्ये पेशी काळ्या रंगवून दिसतील अशी पद्धत शोधली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने तीच पद्धत वापरून दाखवलं की पेशी सुट्या आहेत. गॉल्जीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि गॉल्जीने तिथल्या भाषणातही आपलंच तुणतुणं वाजवलं. बरोबर काहाल होता. दोन पेशींमध्ये फट असते, जिला सायनॅप्स म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी निरोप ती फट रसायनाच्या नावेतून ओलांडतो.

एखाद्या प्राण्याचा पूर्ण नकाशा पहिल्यांदा हाती आला तो १९८६ मध्ये. प्राणी कोणता, तर एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा गोलकृमी. चेतापेशी अवघ्या ३०२. त्यांच्या जोडण्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोंवरून माणसांनी हाताने शोधल्या, त्यात दहाहून जास्त वर्षं गेली. त्यानंतर २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला: सुमारे १,३९,००० पेशी, पाच कोटींच्या आसपास जोडण्या. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाच्या डोक्यात एवढा पसारा! त्याच वर्षी हार्वर्ड आणि गूगलच्या लोकांनी माणसाच्या मेंदूच्या फक्त एका घन मिलिमीटरचा नकाशा काढला. सुमारे ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या, आणि ती माहिती साठवायला १,४०० टेराबाईट. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या तुकड्यासाठी.

या नकाशांसाठी मेंदू बाहेर काढून त्याच्या कापा कराव्या लागतात. जिवंत माणसाचे रूळ पाहायचे तर दुसरा उपाय करावा लागतो, आणि तो मला फार आवडतो कारण त्यात युक्ती आहे. मेंदूतल्या लांब तारा एकत्र बांधलेल्या जुडग्यांसारख्या असतात. त्यांच्यातलं पाणी तारेच्या दिशेने सहज सरकतं, आडवं सरकायला त्याला अडचण होते. एमआरआयचं यंत्र पाण्याचं हे सरकणं मोजतं. पाणी कुठल्या दिशेने पळतं ते कळलं की तार कुठल्या दिशेने गेलीय याचा अंदाज येतो. उसाच्या फडात शिरलेलं पाणी सरीच्या दिशेनेच वाहणार, तसं.

इथे एक खोच आहे, आणि ती नागपूरकरांना चटकन कळेल. आपल्याकडचं डायमंड क्रॉसिंग पाहिलंय ना? हावड्याकडचे रूळ आणि दिल्लीकडचे रूळ एकमेकांना आडवे छेदतात. तिथे गाडी वळत नाही. ज्या लाईनने आली त्याच लाईनने खडखडत सरळ पार होते. पण विमानातून फोटो काढणाऱ्याला काय दिसणार? चार दिशांनी आलेले रूळ आणि मध्ये एक फुली. त्याने हावड्याची गाडी दिल्लीकडे वळवून दाखवली तर फोटोवरून त्याला खोटं पाडता येणार नाही. एमआरआयच्या नकाशाचं नेमकं हेच होतं. त्याचा एक ठिपका दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि तेवढ्यात असंख्य तारा एकमेकींना छेदून जातात. संगणक तिथे चुकतो, नसलेले रूळही जोडून दाखवतो. शिवाय निरोप अ कडून ब कडे जातो की ब कडून अ कडे, हे त्याला कळतच नाही. वर्तमानपत्रांत मेंदूची इंद्रधनुषी चित्रं छापून येतात ती यातूनच निघतात. सुंदर असतात, पण ती बघताना मला डायमंड क्रॉसिंग आठवतं.

आता गाड्या. चेतापेशीतून जाणारा निरोप म्हणजे हजारांश सेकंद टिकणारा विजेचा एक ठोका. कवटीच्या आत, एकेका पेशीतला ठोका बाहेरून मोजता येत नाही. म्हणून फंक्शनल एमआरआय दुसऱ्याच गोष्टीवर नजर ठेवतो: रक्तावर. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं, ऑक्सिजनवालं रक्त धावतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकाला वेगळं वागतं, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. रक्त पोचायला काही सेकंद लागतात, म्हणजे बातमी थोडी शिळी असते. स्टेशनात चहावाल्यांची धावपळ वाढली यावरून गाडी आली असं ओळखण्यातला प्रकार. पण चालतं.

१९९५ मध्ये भरत बिस्वाल नावाच्या संशोधकाला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. बोटं हलवली की मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूचे हाताचे भाग उजळतात, हे माहीत होतं. बिस्वालने माणसं नुसती गप्प पडलेली असतानाचे आलेख पाहिले. हात स्थिर, काम काही नाही, तरी ते दोन्ही भाग संथपणे एकत्र वर जात होते, एकत्र खाली येत होते. तोवर बरेच जण या चढउताराला यंत्राची खरखर समजून टाकून देत होते. पुढे कळलं की मेंदूभर अशा जोड्या आणि टोळ्या आहेत, ज्या रिकाम्या वेळीही एका तालात असतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, ऊर्जेत मात्र वीस टक्के, आणि आपण नुसतं पंख्याकडे बघत पडलो तरी हे बिल फारसं कमी होत नाही.

दोन कागद झाले. आता एकावर एक ठेवून बघायचे.

पहिलं निरीक्षण सरळ आहे. ज्या दोन भागांमध्ये जाडजूड जुडगा आहे, ते भाग बहुतेक वेळा एका तालात असतात. अपेक्षितच आहे. गंमत उलट्या दिशेने आहे. दोन भाग एका तालात दिसले म्हणून त्यांच्यात थेट तार असेलच असं नाही. काटोल इटारसीच्या लाईनवर, कामठी गोंदियाच्या लाईनवर. दोघांना थेट जोडणारा रूळ नाही. तरी नागपूरचं यार्ड भरलं की दोन्हीकडे गाड्या एकदमच उभ्या राहतात. तक्ते बघणाऱ्याला वाटेल, या दोन स्टेशनांचं काहीतरी आतून सूत आहे. सूत आहे, पण ते नागपूरमार्गे.

याहून चक्रावणारं उदाहरण मेंदूतच आहे. डाव्या-उजव्या अर्ध्यांना जोडणारा सगळ्यात मोठा पूल म्हणजे कॉर्पस कॅलोसम, त्यात सुमारे २० कोटी तारा. काही माणसं जन्मतःच या पुलाशिवाय येतात. त्यांचे दोन अर्धे एकमेकांपासून तुटलेले असावेत असं कोणालाही वाटेल. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशा प्रौढांचे मेंदू तपासले, तर दोन्ही अर्ध्यांचा ताल जवळपास तुमच्या-आमच्यासारखाच निघाला. मुख्य रूळच नाही आणि गाड्या वेळेवर! मेंदूने जन्मापासून आडवाटा वापरल्या असाव्यात, हे त्याचं सध्याचं उत्तर आहे.

सगळीकडे नातं सारखं घट्टही नसतं. डोळ्यांनी बघणं, हात हलवणं असल्या कामांच्या भागांत गाड्या रुळांना बऱ्यापैकी धरून चालतात. आठवणी जुळवणं, बेत आखणं, मनात बडबडणं अशा कामांच्या भागांत हे नातं सैल पडतं. तिथे तारांचा नकाशा बघून हालचाल ओळखायला गेलं की अंदाज वारंवार हुकतो. माणसाचं माणूसपण ज्या भागांवर आपण टाकतो, नेमके तेच भाग नकाशाला जुमानत नाहीत, हे मला अगदी पटण्यासारखं वाटतं. अर्थात यावर वाद आहेत. मेंदूतल्या लाटा ओळखायला तारांपेक्षा मेंदूच्या पृष्ठभागाचा आकारच जास्त उपयोगी पडतो, असं २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने मांडलं आणि त्यावर अजून घमासान चालू आहे.

रूळ तेच असून गाड्या बदलतात कशा? यासाठी खेकड्याकडे जावं लागतं. खेकड्याच्या पोटात दात असतात, आणि ते पोट चालवायला तीसेक चेतापेशींचा एक छोटा पुंजका. ईव्ह मार्डर या शास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर हा तीस पेशींचा पुंजका अभ्यासला. मला आधी वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीत आयुष्य काय घालवायचं! पण त्यातून जे निघालं ते मोलाचं आहे. जोडणी एकही बदलली नाही, नुसतं भोवतीचं रसायन बदललं, तर तोच पुंजका वेगळा ठेका धरतो. सेरोटोनिन टाका, एक लय. डोपामिन टाका, दुसरी.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की सीताबर्डीचं काय होतं ते आठवा. झिरो माईलपासून विधानभवनापर्यंत एकही रस्ता खोदलेला नसतो, एकही नवा बांधलेला नसतो. पण मोर्चे येतात, बॅरिकेड लागतात, हवालदार हात आडवा करतो आणि रोज दहा मिनिटांत ऑफिस गाठणारा माणूस अर्धं शहर फिरून जातो. नागपूरचा नकाशा हातात घेऊन बसलेल्या परक्या माणसाला यातलं काहीच कळणार नाही. मेंदूतली ही रसायनं म्हणजे तो हवालदार.

त्या ३०२ पेशींच्या कृमीवरही २०२३ मध्ये हे तपासलं गेलं. प्रिन्स्टनमध्ये एकेका पेशीला प्रकाशाने चेतवून बाकी कोण कोण दचकतं याची नोंद केली. म्हणजे तीसेक वर्षांहून जुना नकाशा भिंतीवर, आणि समोर ताजा तक्ता. दोन्ही तंतोतंत जुळले नाहीत. काही पेशी तार नसतानाही प्रतिसाद देत होत्या, कारण काही निरोप रुळावरून जातच नाहीत. रसायन आजूबाजूला पसरतं आणि ज्या पेशीकडे ते ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) आहे तिला पोचतं, लाऊडस्पीकरवरच्या अनाउन्समेंटसारखं. पूर्ण नकाशा असलेल्या सगळ्यात साध्या प्राण्याची ही गत. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेल्या अर्ध्यातला एक तुकडा भूल देताना सापडतो. २०१५ मध्ये माकडांवर झालेल्या एका अभ्यासात, जागेपणी त्यांच्या मेंदूची हालचाल या नमुन्यातून त्या नमुन्यात सतत उड्या मारत होती, त्यातले कित्येक नमुने तारांच्या नकाशाशी न जुळणारे. भूल दिल्यावर उड्या थांबल्या. हालचाल उरली, पण ती बहुतांशी नकाशाबरहुकूम. रात्री तीनला वर्धा रोडवर जाऊन पाहा: जिथे मोठा रस्ता तिथे चार ट्रक, गल्लीत शुकशुकाट. तेव्हा रहदारी अगदी नकाशासारखी दिसते. शहर जागं झालं की दिसत नाही.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. मागच्या हिवाळ्यात ते घरात आलं. मामा सकाळी गोकुळपेठ बाजारातून आले, पिशवी ओट्यावर ठेवली, त्यातून एक संत्रं काढलं आणि मामीला म्हणाले, "हे... हे घे. ते." मग फळाकडे बघतच राहिले. नागपुरात जन्म गेलेल्या माणसाला संत्र्याचं नाव आठवेना. हात-पाय नीट, तोंड वाकडं नाही, ओळख सगळ्यांची. फक्त शब्द सापडेना. मामीने ताबडतोब दवाखान्यात नेलं, ते बरं केलं.

एमआरआयमध्ये तुरीच्या दाण्याएवढा डाग निघाला, डाव्या बाजूला, खोल आत, थॅलॅमस नावाच्या भागात. डॉक्टर म्हणाले, "भाषेच्या भागाला तशी इजा नाही." मामी तडकून म्हणाली, "मंग हे बोलून काहून नाही राहिले?" प्रश्न मला त्या पोराच्या प्रश्नासारखाच वाटला. डॉक्टरांनी टिपणवहीवर आकृती काढून दाखवली. थॅलॅमस हे जंक्शन. भाषेचे भाग वरच्या थरात, शाबूत, पण त्यांना ज्या जंक्शनातून गाड्या मिळतात तेच बंद पडलेलं. रूळ उखडले एका ठिकाणी, शुकशुकाट पडला भलतीकडे. कॉन्स्टांटिन फॉन मोनाकोव्ह या स्विस मेंदूतज्ज्ञाने या प्रकाराला १९१४ मध्येच डायस्किसिस असं नाव दिलं होतं, एमआरआयच्या कितीतरी आधी.

यात दिलासा एवढाच की गप्प पडलेला भाग मेलेला नसतो. मामांना शब्दांचे व्यायाम दिले. फळांची चित्रं, भांड्यांची चित्रं, नातवाचं अंकलिपीचं पुस्तक. त्यांना फार चीड यायची. "मी काय बालवाडीतला पोरगा आहे का?" हे वाक्य मात्र पहिल्यापासून अस्खलित यायचं. तीनेक महिन्यांत बरेच शब्द परतले. घाईत अजूनही संत्र्याला मोसंबी म्हणतात, मग कपाळावर हात मारतात.

अशा सरावाने नुसत्या गाड्याच परत येतात असं नाही, रूळही बदलू शकतात. लांब तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं. उघड्या बारीक तारेत निरोप सेकंदाला मीटरभर सरकतो, जाड वेष्टणाच्या तारेत शंभर मीटरपर्यंत. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी छोटी लाईन ब्रॉडगेज झाली, तितकाच फरक म्हणा, किंबहुना जास्तच. हे वेष्टण चढण्याचं काम विशी उलटली तरी चालू असतं, आणि वापरावर अवलंबून असतं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने मोठ्या माणसांना सहा आठवडे तीन चेंडू एकापाठोपाठ उडवून झेलायला शिकवलं, तर डोळा आणि हात यांचा मेळ घालणाऱ्या भागाखालच्या तारांमध्ये एमआरआयवर दिसेल असा बदल झाला. रेल्वेत असं होत नाही. एखाद्या लाईनवर खूप गाड्या पळवल्या म्हणून ती आपोआप दुहेरी होत नाही, त्याला मंजुरी लागते आणि मंजुरीला दहा वर्षं. माझी उपमा इथे संपते.

हल्ली संशोधक दोन्ही कागद एकाच प्राण्याकडून मिळवायला लागलेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात एका उंदराला चित्रफिती दाखवल्या आणि त्याच्या बघण्याच्या भागातल्या सुमारे ७५ हजार चेतापेशी कधी चमकतात ते टिपलं. मग त्याच उंदराच्या त्याच घन मिलिमीटरच्या २५ हजारांहून जास्त कापा करून जोडण्या शोधल्या, ५२ कोटींवर. सारख्या गोष्टीला दाद देणाऱ्या पेशी एकमेकींशी जास्त जोडलेल्या निघाल्या. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर नकाशा आणि तक्ता एकाच स्टेशनाचे. उंदराच्या अख्ख्या मेंदूचा हा साधारण पाचशेवा हिस्सा.

यंदा तो धडा आला तेव्हा मी भूगोलाची ती जुनी वही वर्गात नेली. कव्हर अजून शाबूत आहे. पोरांना रेघा वाचायला शिकवल्या, ही उभी म्हणजे जोरात, ही आडवी म्हणजे उभी गाडी. पहिल्या बाकावरच्या मुलीने जीटीची रेघ बोटाने धरली आणि काटोलपाशी थांबली. "मॅडम, ही इथं दोन तास काहून थांबली?"

गाडी का थांबली ते कंट्रोलर तक्त्याच्या समासात लिहितात. तो समास आईने कव्हर घालताना आत दुमडला होता. आम्ही दुमड अलगद उघडली. अक्षर बाबांचंच होतं, पण पेन्सिल पार पुसट झालेली. "काटोल" तेवढं लागलं, पुढचे दोन शब्द पोरं खिडकीच्या उजेडात धरून लावत बसली.